देवाच्या कोंबड्याची उजवी तंगडी

मंगळवार पेठेतील समस्त लहानथोर मंडळी, उचगावातील माझ्या सासूबाईंची माहेरची भावकी, तसेच मलकापुरातील माझी स्वतःची माणसे, यांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या घरच्या कोंबड्याचे जे देहावसान झाले, ते निव्वळ देवकार्य नव्हते. तो सूड होता. सूड उगवणारी मी. सबब, त्या प्रसंगानंतर ज्यांनी ज्यांनी "काय भाविक सून मिळाली" असे उद्गार काढले, त्यांनी ते परत घ्यावेत. ज्यांना घ्यायचे नसतील त्यांनी राहू द्यावेत. माझी हरकत नाही.

मी मलकापूरहून लग्न होऊन कोल्हापुरात आले ती सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. मंगळवार पेठेतल्या एका बोळात आमचं घर. पुढं दोन खोल्या, मग स्वयंपाकघर, मग न्हाणी, आणि न्हाणीला लागून परडं. परड्यात शेवग्याचं झाड, धुण्याचा दगड, चार कोंबड्या आणि तो.

तो रंगानं तांबडा, मानेवर पिवळी झाक, शेपूट काळंभोर आणि उन्हात हिरवं दिसणारं. तुरा असा की एखाद्या जहागीरदारानं हेवा करावा. दिसायला देखणा होता हे मी शत्रू असूनही मान्य करते. तो माझ्या सासऱ्यांचा. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. मामा तरुणपणी तालमीत जायचे. आपण किती कुस्त्या मारल्या हे ते रोज सांगत, कुणाशी मारल्या ते कधीच सांगत नसत. पुढं गुडघे गेले, तेव्हा त्यांनी सगळी पैलवानकी त्या कोंबड्यात उतरवली. सकाळी स्वतःसाठी भिजवलेल्या हरभऱ्यांतले टपोरे हरभरे त्याला. दर रविवारी त्याला मांडीवर घेऊन त्याच्या तंगड्यांना खोबरेल तेल चोळायचे. आलेल्या-गेलेल्याला दाखवायचे, "मांडी बघा मांडी! ह्येला म्हणत्यात कमाई."

ती कमाई मी लग्नानंतर दुसऱ्याच सकाळी बघितली. हिरवं लुगडं नेसून धुणं घेऊन परड्यात गेले, दगडाशी वाकले, आणि मागून पोटरीत काहीतरी घुसलं. वळून बघते तर महाराज मान फुलवून उभे. मी "हाड" म्हणाले. त्यानं पुन्हा उडी घेतली. कोंबड्याच्या पायाला मागं काटा असतो. ह्याचा काटा चांगला बोटाच्या पेराएवढा आणि खोबरेल पिऊन चकचकीत झालेला. तो नेहमी उजव्या पायानं मारायचा. चोच मारत नसे, ते त्याला हलकं काम वाटत असावं.

मी ओरडत आत पळाले. मामा खाटेवर बसल्या बसल्या मांडी थोपटून हसले.

"सूनबाई, मलकापुरात कोंबडी नसत्यात व्हय?"

"असत्यात की मामा. पण त्या अंडी देत्यात. मारामाऱ्या करत न्हाईत."

"मग ह्येनं काय अंडी द्यावीत?" असं म्हणून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या ठसक्याला मी पाणी दिलं. तांब्या त्यांच्या हातात देतानाच माझ्या मनात पहिली ठिणगी पडली.

कोंबडा मारायचा फक्त मला. मामांना तर तो मांजरासारखा अंग घासायचा. नवरा कामाच्या पाळीवर जाताना परड्यातून सायकल काढायचा, त्याच्या वाटेला कधी गेला नाही. सासूबाईंच्याही नाही. त्यांना मी आत्ती म्हणायचे. आत्ती बुटक्या, काटक, कमी बोलणाऱ्या. त्या जाताना कोंबडा नुसता मान वाकडी करून बघायचा. मला वाटायचं, ही बाई काय जादू करते? मी विचारलं तर म्हणाल्या, "त्येला तुझं लुगडं आवडत नसंल." मग मी निळं नेसून गेले. तरी त्यानं मारलंच, पण जरा कमी जोरात. हिरवं दिसलं की मात्र त्याच्या अंगात यायचं. मानेची सगळी पिसं उभी राहायची, अंग थरथरायचं, आणि मग उडी. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढं ह्या हिरव्या लुगड्यानं मोठं काम केलं आहे.

मी कोंबड्यांतली होते. माझ्या आईचं मलकापुरात अंगणभर कोंबड्यांचं राज्य होतं, एक कोंबडा आणि त्याच्यामागं मोजताना चुकावं इतक्या कोंबड्या. इथं ह्या एका पैलवानाला बायका चारच. तो दिवसभर त्यांच्याच पाठी लागायचा. चौघींच्या पाठीवरची पिसं गेलेली, कातडी लाल झालेली. खुराडं मामांनीच बांधलेलं, न्हाणीच्या भिंतीला टेकून, जुन्या पत्र्याचं, बुटकं. न्हाणीचं पाणी झिरपून आत कायम ओल. खाली घाण साचलेली, वास असा की डोळ्यांत पाणी यावं. संध्याकाळी त्यात पाचही जण कोंबायचे. अंडी मळलेली निघायची. पंखाखाली हात घातला की बारीक उवा हातावर चढायच्या. मी म्हणाले, मामा, खुराडं उचलून कोरड्या जागी ठेवू, राख टाकू, बसायला आडवी काठी लावू, कोंबड्याला थोडा वेगळा ठेवू. मामा म्हणाले, "पैलवानाला आखाड्यातनं भाईर काढाय सांगती ही!"

आता मूळ गुन्ह्याकडं येते.

माझ्या आईनं मला एक ठिपक्यांची कोंबडी दिली होती. डालग्यात घालून एसटीनं मी ती मलकापूरहून आणली. वाटभर कंडक्टर म्हणत होता, "बाई, तिकीट कुनाचं? तुमचं का तिचं?" तिला मी परड्यातच, पण शेवग्यामागं वेगळ्या पाटीखाली ठेवत असे. ती खुडूक झाली. खुडूक कोंबडी म्हणजे अंडी उबवायला बसलेली. ती मग जागची हलत नाही, पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून एखाद्या म्हातारीसारखी बसते. फुटक्या घमेल्यात भुसकट घालून मी तिच्याखाली अंडी मांडली. नव्या घरात माझं असं म्हणावं ते तेवढंच होतं. मी रोज दुपारी जाऊन तिच्याशी बोलायची. सासरी कुणाशी तरी मनमोकळं बोलावं लागतंच.

पिल्लं बाहेर पडायला आली होती. अंड्याला कान लावला की आतून टकटक ऐकू यायची. त्या दिवशी मी दाणे टाकायला गेले आणि पाटी नीट दाबली नाही, एवढं निमित्त त्याला पुरलं. आरडाओरडा ऐकून मी धावले तोवर तो घमेल्यात उभा होता. कोंबडी भिंतीला चिकटून ओरडत होती. खाली सगळा चिखल. एका फुटक्या कवचातून एक ओलं पिल्लू अर्धं बाहेर आलेलं, आणि ते हलत नव्हतं. आणि तो त्यावर उभा राहून, मान वर करून, आरवला. विजयानं आरवला.

मी ते कवच हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. ह्या जागी नाटकात पडदा पाडून पेटी वाजवतात. माझ्याजवळ पेटी नव्हती. मी हळूच म्हणाले, "तुझी तंगडी मी खाईन. उजवी."

आता ह्या प्रतिज्ञेत किती धाडस होतं ते सांगायला हवं. आमच्या घरी कोंबडा शिजला की एक तंगडी मामांची, एक माझ्या नवऱ्याची. हे कुणी ठरवलं नव्हतं, ते तसंच होतं. पावणं आलं तर नवऱ्याची तंगडी पावण्याला जायची. बरगड्या, छाती पुरुषांच्या पंगतीला. आणि मागून बसणाऱ्या बायकांना मान, पंख आणि रस्सा. आत्तींनी इतक्या वर्षांत तंगडी खाल्लेली कुणी पाहिली नव्हती. मी तर कालची आलेली. म्हणजे मला कोंबडाही मारायचा होता, आणि पंगतही.

पहिली संधी आली ती माझा भाऊ भेटायला आला तेव्हा. मेव्हणा पावणा आलाय म्हटल्यावर घरचा कोंबडा कापायचा, हे ठरलेलंच. मी विळीसुद्धा घासून ठेवली. मामा उठले, टोपी घातली आणि पिशवी घेऊन बाजारातून दुसराच कोंबडा घेऊन आले. जेवताना भावानं विचारलं, "परड्यात एवढा झोकात कोंबडा असताना बाजारात गेलासा?" मामा म्हणाले, "पावणं, घरातला पैलवान कापून कोण खातंय?" आत्ती वाढत होत्या. त्यांनी मामांच्या ताटात रस्सा जरा जोरातच ओतला. मला वाटलं, पळीचा हात सुटला.

पुढं भर पावसात मामांची कंबर धरली. कोंबड्याला मालीश करायला वाकले ते वाकलेलेच राहिले. खाटेवर आडवे करायला शेजारचे दोघे बोलवावे लागले. तेल झालं, शेक झाला, विटकर तापवून झाली. मामा कण्हायचे आणि कण्हता कण्हता विचारायचे, "पैलवानाला हरभरं घातलं का?" आत्ती एके दिवशी उचगावला माहेरी जाऊन आल्या. त्यांच्या भावाच्या मळ्याच्या बांधावर म्हसोबा आहे. चार दिवसांनी मामा भिंत धरून उठले, आठवड्यात चालायला लागले. तेव्हा आत्तींनी चहाची कपबशी त्यांच्यापुढं ठेवून सांगून टाकलं.

"अवं, ऐकलं का. म्हसोबाला बोलल्ये मी. कंबर सुटू दे, जत्रंला घरचा कोंबडा वाहीन म्हणून."

मामांची बशी तोंडाशी थांबली. "घरचा? कंचा?"

"आपल्याकडं कोंबडं किती हाईत?"

"बाजारातनं देऊ की एखादा. चांगला मोठा देऊ."

"देवाला फसवतासा? कंबर बाजारातनं आणलीया व्हय?"

मामांनी बशी खाली ठेवली. पण सगळ्यात जास्त धक्का मला बसला. जत्रा थेट उन्हाळ्यात. तोवर तो देवाचा. नवसाचा कोंबडा म्हणजे त्याला ओरडायचं नाही, झाडू उगारायचा नाही, त्याच्या अंगाला खोट आली तर देव घेत नाही. आत्तींनी त्याच्या तुऱ्याला कुंकू लावलं, पायात पिवळा दोरा बांधला, आणि सगळ्यांच्या देखत मला सांगितलं, "आता त्येचं सगळं तुझ्याकडं. जत्रंपतूर त्येला काय झालं तर तुला विचारीन." म्हणजे ज्याचा जीव घ्यायचा त्याचीच मी दाई झाले. दुसऱ्या दिवशी त्यानं पिवळा दोरा बांधलेल्या पायानं मला लाथ घातली. मामा खाटेवरून ओरडले, "घे! आता देवाचा मार!"

मी स्वयंपाकघरात बसून चुलीत फुंकर मारत होते. डोळ्यांत धूर गेला, पाणी आलं, आणि त्या धुरातून मला वाट दिसली. माणसाला अडवणाऱ्या नियमाशी भांडण करू नये. त्याला मिठी मारावी, इतकी घट्ट की त्याचा श्वास कोंडला पाहिजे.

रात्रीच्या जेवणाला मी अगदी खाली मान घालून म्हणाले, "मामा, एक विचारू? देवाला वाहिलेलं फूल आपण हुंगत न्हाई. मग देवाला वाहिलेला कोंबडा... असा दिवसभर... कोंबड्यांत..." पुढचं मी लाजून बोलले नाही. लाजण्याचं काम मला चांगलं जमायचं.

मामांचा घास हातात. नवरा ताटात बघून गालात हसला. आत्ती पळी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत मला काहीतरी चमकल्यासारखं वाटलं, पण तेव्हा समजलं नाही.

"पोरगी बरोबर बोलती," आत्ती म्हणाल्या. "देवाचा हाय. सोवळ्यात ऱ्हायला पायजे."

"अगं, कोंबडा हाय तो! बामण हाय काय?"

"कंबर परत धरली तर मला सांगू नका."

मामांनी नकळत हात कंबरेवर नेला, आणि मी जिंकले.

नवं खुराडं मामांकडूनच करून घेतलं. सोवळ्याच्या कामाला परका हात कशाला? ते वाकू शकत नव्हते म्हणून ते उभं राहून सांगायचे आणि मी ठोकायची. पण खिळे मात्र त्यांनी मोजून द्यायचे, लाकूड त्यांनी धरायचं. जागा मी निवडली. परड्यातली सगळ्यात कोरडी, उंच, वारा खेळता, सकाळचं ऊन येणारी. आत बसायला आडवी काठी, खाली भुसकट, कोपऱ्यात अंगावर घ्यायला चुलीतली राख, पाण्याला मातीचं परळ. जोंधळा, कण्या, कधी कोथिंबिरीच्या काड्या. एखाद्या संस्थानिकाला नजरकैदेत ठेवावं तसा थाट. कुणी बोट ठेवावं असं काहीच नव्हतं. फक्त समोरची बाजू सगळी जाळीची होती. आणि जाळीसमोर कोंबड्यांचं आवार होतं.

त्याच झपाट्यात मी जुनं खुराडं न्हाणीच्या भिंतीपासून उचललं. "देवाच्या कोंबड्याच्या शेजारी घाण नको" म्हटल्यावर मामांना ते नाकारता येईना. जमीन खरवडली, चुना मारला, आठवडाभर उन्हात उघडी ठेवली. कोंबड्यांना एकेकीला धरून पंखाखाली राख चोळली. आणि मग आत्तींना म्हणाले, "अंडी भरायला एखादा कोंबडा तरी पायजे." आत्तींनी उचगावहून एक तरणा आणला. बारका, पांढुरका, मान खाली घालून चालणारा, कोंबडीनं डोळे वटारले की बाजूला सरकणारा. इतका सज्जन नवरा त्या परड्यानं पाहिला नव्हता.

पैलवानानं जाळीतून हे सगळं बघितलं. पहिल्या दिवशी तो जाळीवर उड्या मारून मारून थकला. दुसऱ्या दिवशी त्यानं आरवून आरवून गळा बसवून घेतला. तो पांढुरका मात्र जाळीसमोरच, त्याच्या डोळ्यांदेखत, दाणा चोचीत धरून कोंबड्यांना हाका मारायचा, आणि चौघी आपापल्या पाठी सावरत त्याच्याकडं जायच्या. मी दुपारी न्हाऊन केस सुकवायला तिथंच बसायची. हिरवं लुगडं नेसून. शेंगा खात. एक शेंग मी फोडायची, एक दाणा कोंबड्यांना टाकायची, आणि जाळीकडं बघून म्हणायची, "महाराज, देवाचं नाव घ्या."

हळूहळू कोंबड्यांच्या पाठीवर कोवळी पिसं यायला लागली. अंडी स्वच्छ निघायला लागली. मामांच्या रविवारच्या मालिशीवरही मी सोवळं आणलं. "देवाच्या अंगाला खोबरेल कशाला, देवाला काय कुस्ती धरायचीया?" थंडी पडली आणि माझी ठिपक्यांची कोंबडी पुन्हा खुडूक झाली. ह्या वेळी तिची पिल्लं निघाली. ती सगळी वरात घेऊन आवारात फिरायची, आणि मी मुद्दाम दाणे टाकायची ते जाळीच्या पुढ्यात. पिल्लं त्याच्या नाकासमोर टिपत राहायची. तो आतून बघत राहायचा. लोक म्हणतात सूड कडू असतो. त्यांनी तो नीट शिजवलेला नसतो.

मग एक अडचण आली. त्यानं खाणं सोडलं. काठीवर बसून राहिला, तुरा फिका पडला, आरवणं बंद. मामा जाळीशी बसून त्याला हाका मारायचे, "अरे, खा की रं राजा." आत्ती मला म्हणाल्या, "मेला तर?" मेला तर माझी तंगडी मेली. रोगानं मेलेला कोंबडा खड्ड्यात जातो. मी लसूण ठेचून दाण्यांत घातला, गूळपाणी पाजलं, राख बदलली, परळ घासलं. काही नाही. शेवटी वैतागून मी जाळीला पाठ लावून बसले, आणि माझा हिरवा पदर जाळीतून आत गेला. धाड! जाळी हादरली. तो काठीवरून थेट पदरावर. मानेची पिसं उभी, अंगभर थरथर. पदर फाडून झाल्यावर तो परळातलं पाणी प्याला आणि त्यानं सगळे दाणे खाल्ले.

तेव्हापासून हे रोजचं औषध झालं. मी रोज पदराचं टोक आत द्यायची, तो त्याला चार लाथा घालायचा आणि भूक लागून जेवायचा. त्याला जगवत होता तो माझ्यावरचा राग. आणि मला काय जगवत होतं ते मी वर लिहिलंच आहे.

जत्रेच्या दिवशी आम्ही सकाळीच उचगावला गेलो. मळ्याच्या बांधावर चिंचेखाली शेंदूर लावलेला म्हसोबा, भोवती माणसं, बैलगाड्या, चुलीचे दगड मांडलेले. पैलवान डालग्यात. मी त्या दिवशी लग्नातलं जांभळं नेसले होते. हिरवं जुनेर झालं होतं, त्यात भांडी बांधून आणली होती.

तिथली रीत अशी. गुरव कोंबड्याच्या डोक्यावर पाणी शिंपडतो. कोंबड्यानं अंग झाडलं, की देवानं पसंत केला. मग मुलाणी पुढं होतो आणि कापतो. अंग झाडलंच नाही तर देवाला नको. तो कोंबडा घरी न्यायचा आणि तो मरेपर्यंत देवाचा म्हणून पाळायचा. त्याच्या केसालाही कुणी धक्का लावायचा नाही.

आमच्या पुढच्यांचे कोंबडे पाणी पडताच अंग झाडत होते. कुठला कोंबडा झाडणार नाही? आमची पाळी आली. मामांनी पैलवानाला देवापुढं उभा केला. गुरवानं पाणी शिंपडलं.

तो दगड झाला.

पुन्हा शिंपडलं. पाणी तुऱ्यावरून, चोचीवरून ठिबकतंय आणि हा डोळा न हलवता उभा. आयुष्यात कधी स्वस्थ उभा न राहिलेला कोंबडा तिथं साधूसारखा उभा. गुरवानं तांब्याच ओतला. काही नाही. माणसं कुजबुजायला लागली. आत्तींनी पदर पसरून देवाला विनवलं, "काय चुकलं असंल तर पोटात घाल." आणि मामांचा चेहरा उजळत चालला. शेवटी ते अगदी भक्तिभावानं म्हणाले, "देवाचीच इच्छा न्हाई. आपण कोण? चला, उचला त्येला. घरी न्हेऊ."

मरेपर्यंत देवाचा! जाळी निघणार, मालीश सुरू होणार, आणि कपाळाला कुंकू लावून तो माझ्या पोटऱ्या फोडत राहणार. मी चिंचेच्या मुळाशी धावले. जुनेराची गाठ सोडली. पातेली, पळ्या, ताटल्या सगळ्या खडकावर खणखणत गेल्या. लोक वळून बघतात तोवर मी ते हिरवं लुगडं खांद्यावरून घेतलं आणि हात जोडून सरळ देवापुढं गेले. देवाकडं बघत होते असं सगळ्यांना वाटलं. मी बघत होते त्याच्याकडं.

त्यानं मला बघितलं. मान फुलली. पिसं एकेक करून उभी राहिली. आणि मग सबंध अंग असं झाडलं, की पाण्याचे थेंब गुरवाच्या तोंडावर, मामांच्या टोपीवर, म्हसोबाच्या शेंदरावर उडाले. आणि तेवढ्यावर न थांबता त्यानं माझ्याकडं झेप घेतली ती मुलाण्याच्या हातातच.

"घेतला!" गुरव ओरडला. "देवानं घेतला!"

"सून पाया पडली आन् देवानं घेतला!" मागची कुणी बाई म्हणाली. माझी भाविकपणाची ख्याती इथून सुरू झाली.

मामा बांधापलीकडं जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, धूर गेला. चुली अजून पेटायच्या होत्या.

तो शिजेना. इतका वेळ लागला की लाकडं दोनदा आणली. कच्ची पपई घातली, सुपारी घातली, झाकणावर निखारे ठेवले. तांबडा रस्सा झाला, पांढरा रस्सा झाला, आणि मांस अजून तालमीतच. शेवटी पुरुषांच्या पंगती बसल्या. आत्ती स्वतः वाढत होत्या. मामांनी ताटात बोटं फिरवून बघितली.

"तंगड्या कुठं हाईत?"

"देवाचा वाटा काढून ठेवलाय," आत्ती म्हणाल्या आणि पुढं गेल्या.

देवाचं म्हटल्यावर मामा काय बोलणार? ते बरगडीशी झुंजत बसले. मी चुलीपाशी चरफडले. एवढं सगळं करून तंगडी देवाला! पुरुष उठले, आम्ही बायका बैलगाडीच्या आडोशाला बसलो. बाकीच्या जेवून पांगल्या तशा आत्ती झाकलेलं पातेलं घेऊन माझ्याशेजारी येऊन बसल्या. इकडं तिकडं बघितलं आणि झाकण काढलं. आत दोन तंगड्या.

एक उचलून त्यांनी माझ्या ताटात ठेवली. "ही घे. उजवी."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. "उजवीच हवी हे तुम्हाला..."

"घमेल्यापाशी बोललीस तवा मी न्हाणीत हुते की." मग त्यांनी लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. पोटरीवर काट्याचे जुने, पांढरे पडलेले वण होते. माझ्यापेक्षा जास्त. "तू यायच्या आदी मलाच मारायचा. तू आलीस नि माझी सुटका झाली. सांगितलं असतं तर तू परड्यात गेली असतीस व्हय?"

"आणि नवस?"

"कंबर काय, शेकानं सुटलीच असती. पण ह्या घरात त्येला दुसरं कोण कापणार हुतं? ह्यांच्या हातनं काढून घ्यायचा तर देवच पायजे." दुसरी तंगडी त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली, दातांत धरली आणि ओढली. ती सुटली नाही. मीही माझी धरली. तीही सुटली नाही. आम्ही दोघी दोन्ही हातांनी ओढत, डोळ्यांत पाणी आणून हसत होतो. चव? चपलेची होती. मी शेवटचं सूत हाडापासून सुटेपर्यंत चावली.

त्याच वेळी मामा पाण्याचा तांब्या शोधत गाडीच्या आडून आले. एका हातात तांब्या, आणि समोर आम्ही दोघी, एकेक तंगडी धरून.

"हा देवाचा वाटा?" त्यांनी विचारलं.

मी तंगडी पदराआड घेतली. आत्तींनी घेतली नाही. तोंडात घास भरलेला, तो गिळवेना आणि टाकवेना, तशाच त्या मोठ्यानं म्हणाल्या, "व्हय! देवाला दात न्हाईत, म्हणून आम्ही चावालोय!"